गेटावर म्हणायचा शब्द

भैय्याजी : ...अन् मी म्हनतो, शब्दच त आहे ना यार! शब्दानं काय अंगाले भोक पडते का?

देवराव : कोन्ता शब्द, ते त बोला. आल्यापासून "तो शब्द, तो शब्द" करून राहिले. तुमी युनियनचे मानूस, भैय्याजी. भाषनाले उभे राहता त मालकाच्या सात पिढ्या बाहेर काढता. आज जीभ काहून अडून राहिली?

भैय्याजी : तुह्यासमोर नाही निघत.

देवराव : मंग माह्या तोंडून कसा निघन?

भैय्याजी : निघन. काढा लागन. आज तीनच्या भोंग्याले पह्यली पाळी बाहेर येते, दुसरी आत जाते, त्याच टायमाले मिलच्या गेटावर उभं राहाचं. म्यानेजर राहीन, मी राहीन, झडती घेनारा गिरिधर जमादार त्याच्या स्टुलावर राहीन. तू हात जोडून एवढंच म्हनाचं का, "मी चिंधीचोर आहो, मले माफ करा." बस. मिलनं काढलं म्हनून केलेली तुही कोर्टातली केस वापस, अन् उद्या सकाळी तुह्या पोराले, रविंद्रले, बदलीचा पास.

देवराव : निघाला पाहा शब्द. चहा घ्या आता, गरम आहे.

बायजाबाई : बदलीचा म्हंजे रोज काम भेटन का, भैय्याजी?

भैय्याजी : रोजचं नाही सांगू शकत, वहिनी. सकाळी गेटावर उभं राहाचं. जो कामगार आला नाही, त्याच्या सांच्यावर जाऊन कापड विनाचं. कोनीच नागा केला नाही त घरी. पन मी आहो ना तिथं. माहा हात राहीन त्याच्यावर.

देवराव : मिल घाबरली, भैय्याजी.

भैय्याजी : कोन घाबरलं?

देवराव : मिल. मले कळत नाही का? आनीबानी आली, आनीबानी गेली, माही तारीख लागूनच राहिली. आता निकाल माह्या बाजूनं लागाचं दिसलं, म्हनून तुमाले पाठवलं. हरनारा मानूस असा कोनाच्या घरी चहा प्याले मानूस पाठवत नसते.

भैय्याजी : अं... हाव. तसंच काही समज. अरेरे! सांडला चहा. वहिनी, एखादी चिं... फडकं-बिडकं द्या बरं.

देवराव : म्हना ना, चिंधी म्हना. दचकता काहून?

बायजाबाई : राहू द्या. हात उचला तुमी. पुसतो मी.

भैय्याजी : अहो पदर काहून भिजवता, वहिनी!

बायजाबाई : वाळते.

भैय्याजी : देख देवराव, तू दुनियेच्या मागं राहिला. आजकाल हा शब्द कोनीच मनावर घेत नाही. बर्डीवर, बजारात जाऊन उभा राह्य. पोट्टे दिवसभर एकमेकाले चिंधी म्हनतात. दोस्तानं आधा कप चहा पाजला, चिंधी. पिक्चरच्या तिकिटाले मागं सरकला, चिंधी. शर्टाचं बटन तुटलं, चिंधी. अन् खांद्यावर हात टाकून म्हनतात. लाडाचा शब्द झाला तो.

देवराव : लाडाचा! आमच्या रविले बी दोस्त चिंधीच म्हनतात. खांद्यावर हात टाकूनच म्हनतात. पन बाकीच्याले चहासाठी म्हनतात, त्याले बापासाठी.

भैय्याजी : बरं, ते सोड. मुळात हा शब्द आपल्या मिलचा आहेच नाही. माहा बुढा सांगे, हा शिंप्याचा शब्द. इतवारीत एक शिंपी होता. गिऱ्हाइकानं सदऱ्याचं कापड देल्लं का त्यातून टोपीपुरतं कापड मारे. साल सरता सरता त्याच्या घरच्या समद्या लेकराईच्या डोक्यावर टोप्या, अन् एक बी टोपी एका रंगाची नाही. तवापासून लोक म्हनाले लागले, चिंधीचोर. मतलब, हुशार मानूस!

देवराव : हे नवीन आहे. हे नव्हतं माह्याजवळ.

भैय्याजी : म्हंजे?

देवराव : म्हंजे, या शब्दाच्या जन्माच्या गोष्टी गोळा करून राहिलो ना मी. दुसरं काम काय आहे मले? लोक कालेजात जाऊन चार विषय शिकतात, मी घरी बसून एक शब्द शिकलो. ठान्यातला हवालदार म्हने, पह्यले हा खिसेकापूचा शब्द. ज्यानं खिसा कापला अन् आत नाक पुसाचा रुमालच भेटला, त्याले त्याचेच साथीदार चिंधीचोर म्हनत. चोरात बी लहान चोर. गोपिका भांडेवाली म्हने, नाही जी, हा आमच्या धंद्यातला. जुन्या कपड्यावर भांडे देताना जी बाई गठ्ठ्यातून एक लुगडं हळूच मागं ओढते, ती चिंधीचोर. अन् माहा वकील काय म्हने माहीत आहे?

भैय्याजी : काय?

देवराव : म्हने, देवराव, तू चोरी कराचीच होती त थान न्याचं. कापडाचा अख्खा तागा. कोर्टात बोलाले वजन राह्यते. चिंधीसाठी मी कोन्या तोंडानं उभा राहू?

भैय्याजी : हा हा! वकील बी...

देवराव : मी बी हसलो. काय करता?

बायजाबाई : बाईमानसाईले कोनी नाही विचारलं.

देवराव : काय?

बायजाबाई : चिंधी म्हंजे काय, ते. हवालदाराले विचारलं, वकिलाले विचारलं, भांडेवालीले विचारलं. ती बी धंद्याचंच बोलली. घरातल्या बाईले विचारलं असतं त तिनं सांगतलं असतं. बोट कापलं, चिंधी. लेकराचं नाक वाहिलं, चिंधी. तव्यावरून भाकर काढाची, चिंधी. पोरगी खेळाले मांगते त भावली बी चिंधीचीच. अन् महिन्याचे चार दिस...

देवराव : बायजा.

बायजाबाई : नाही बोलत.

भैय्याजी : वहिनी बराबर बोलून राहिल्या. म्हनजे शब्द काही वाईट नाही, असंच ना?

देवराव : मी कवा म्हनलं वाईट आहे? शब्द गरीब आहे बिचारा. ज्याच्या त्याच्या कामी पडते. गिरिधर जमादारानं झडतीत माह्या कमरेभोवती हात फिरवला, धोतराखालून चिंध्या ओढून काढल्या, अन् पूर्ण पाळीसमोर वर धरून वरडला. मले त्या दिवशी बी इतकं नाही लागलं. मले वाटलं, वरडते त वरडू दे. सांच्याखाली तेलात पडलेले तुकडे, झाडूवाली गोळा करून पेटीत टाकते अन् पेटी बॉयलरकडं जाते. कोनाचं काय नेलं मी? उद्या विसरतीन.

भैय्याजी : मंग? लागलं कशाचं?

देवराव : बाबाजीचं. माह्या बापाचं.

भैय्याजी : शालिकरामजी? ते त किती शांत मानूस होते.

देवराव : शांतच होते. म्हनून त लागलं. तुमाले माहीत नाही, भैय्याजी, तुमच्या घरी हे नव्हतं. आमच्या गावी, कळमेश्वराकडं, कोनाच्या घरी मयत झाली का मढ्यावरचं कापड आमच्या वाट्याले येत होतं. हक्कच होता म्हनतात. हक्क! बाबाजीचा लहानपनचा सदरा त्याच कापडाचा. आजीनं धुऊन शिवलेला. बाबाजी सांगत का, शाळेच्या वट्ट्याखाली बसलो का पोट्टे नाव घेऊन सांगत, हे अमक्याच्या आज्याचं, हे तमक्याच्या काकाचं. अंगावर घातलेल्या सदऱ्यात कोन मेलं होतं, ते दुसऱ्याले माहीत.

भैय्याजी : हे मले खरंच माहीत नव्हतं यार.

देवराव : छप्पन साली इथं नागपुराले येऊन दीक्षा घेतली बाबाजीनं. घरी गेले अन् घरात दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं जितकं कापड होतं तितकं अंगनात आनून जाळलं. वाकळ बी जाळली. थंडीचे दिस येऊन राहिले होते, आजी रडे. बाबाजीनं एकच सांगतलं, या घरात आता दुसऱ्याच्या अंगावरचं, दुसऱ्यानं टाकलेलं सूत येनार नाही. फाटकं घाला, पन आपलं घाला.

भैय्याजी : अन् तू...

देवराव : अन् मी मिलनं टाकलेल्या चिंध्या कमरेले गुंडाळून घरी घेऊन येत होतो. मी यायच्या पह्यले बातमी घरी आली. बाबाजी दारात बसून होते. मले वाटलं मारतीन. मारलं असतं त बरं झालं असतं. म्हने, "मी जे जाळलं ते तू वापस घेऊन आला." बस. त्याच्यानंतर जितके दिस जगले, माह्याशी बोलले नाहीत. पानी मांगाचं त रविले सांगत, "तुह्या बापाले म्हन."

भैय्याजी : तू समजावाचं ना.

देवराव : मी भंतेजीले घेऊन आलो होतो विहारातून. भंतेजी भला मानूस. त्याईनं सांगतलं, शालिकराम, पह्यल्या भिक्खूईचं चीवर, अंगावरचं वस्त्र, चिंध्याचंच होतं. उकिरड्यावरच्या, मसनातल्या चिंध्या येचून, धुऊन, जोडून शिवत. चिंधीले कमी समजू नका. मले वाटलं, बाबाजी आता नरम येतीन. बाबाजीनं हात जोडले अन् म्हनलं, "भंतेजी, त्याईनं रेशीम सोडून चिंधी उचलली. आमाले कोनी रेशीम दाखवलं होतं का?"

भैय्याजी : पन देवराव, एक गोष्ट मले आजवर समजली नाही. तू नेल्या कशाले होत्या? इन्क्वायरीत म्हनला, कंदिलाची काच पुसाले. कंदिलाची काच पुसाले मानूस कमरेभर चिंध्या नेते का? म्यानेजर हसला होता. मी बी तिथंच होतो, मले बी पटलं नाही.

देवराव : कंदील मोठा होता.

भैय्याजी : मजाक नको करू. बापाले बी तेच सांगतलं?

देवराव : बापाले काहीच नाही सांगतलं.

भैय्याजी : काहून?

बायजाबाई : माह्यासाठी होत्या.

देवराव : बायजा, चुप बस.

बायजाबाई : इतके वर्ष चुपच बसली होती का दुसरं काही करत होती? भैय्याजी, तुमी मले वहिनी म्हनता. कान देऊन आयका, पुन्हा नाही सांगनार. पोरगी झाली होती मले. घरीच झाली. झाल्यावर रगत थांबेच ना. लुगडे दोनच. एक अंगावर, एक वाळत. पावसाचे दिस, वाळलेलं बी ओलंच. खाटेखाली राख टाकून ठेवली होती सुईनीनं. हे सकाळी पाळीवर गेले तवा मीच म्हनलं, जी, कुठून तरी कापड आना. कुठून तरी म्हनलं मी. मीच म्हनलं. आता मान खाली काहून घातली?

भैय्याजी : नाही, वहिनी. मी... अरे देवराव, मंग हे तवाच काहून नाही सांगतलं तू? अबे, म्यानेजरले बी बायको-लेकरं होते! हे एक वाक्य सांगतलं असतं त वार्निंग देऊन सोडलं असतं. मी सोता भांडलो असतो. केस झालीच नसती.

देवराव : कोनाले सांगू? त्या खोलीत म्यानेजर, टाइमकिपर, दोन कारकून, अन् दारात गिरिधर जमादार तंबाखू मळत. टेबलावर माह्या चिंध्या पसरून ठेवल्या होत्या. कारकून पेन्सिलीनं उलट्यापालट्या करून पाहून राहिला होता. तिथं बायकोचं रगत काढू मी? माही बायको त्या खोलीत नेऊन उभी करू? दुसऱ्या दिवशी पूर्ण मिलमंधी तोच विषय झाला असता.

भैय्याजी : अन् बापाले?

देवराव : सासऱ्यासमोर सुनेचं हे बोलतात का, भैय्याजी? तुमच्या घरी बोलतात?

भैय्याजी : नाही बोलत.

देवराव : मंग.

बायजाबाई : मी येतो आज गेटावर. हे शब्द म्हनतीन, अन् मी तिथंच सांगतो का त्या चिंध्या कशाच्या होत्या. आता मले लाज नाही वाटत. नातवाची वाट पाहाचं वय झालं.

भैय्याजी : नको, वहिनी. पाया पडतो तुमच्या.

बायजाबाई : काहून? खरंच त आहे.

भैय्याजी : खरं आहे म्हनूनच नको. तवा कारन सांगतलं असतं त कामी आलं असतं. आता म्यानेजर बदलला. याले कारन नाही पायजे, याले शब्द पायजे. तुमी मधात बोलल्या, पाळीवाले हळहळले, दोन बायका रडल्या, का तो म्हनन हे त नाटक करून राहिले. पास खिशातच ठेवन. वहिनी, मले जे माहीत आहे ते सांगतो. आज फक्त शब्द.

देवराव : अन् मिल किती दिस चालन?

भैय्याजी : काय?

देवराव : मी घरी बसलो म्हनून मले दिसत नाही का? दोन खात्याले कुलूप लागलं. तिसऱ्याचे सांचे उखडून वाडीच्या गोदामात नेऊन टाकले. रविनंच उतरवले ट्रकमधून. त्यानंच सांगतलं. मी ज्या सांच्यावर होतो तो बी त्यात असन.

भैय्याजी : जितके दिस चालन, तितके दिस चालन.

देवराव : म्हंजे साल?

भैय्याजी : मले नको विचारू ना देवराव. मी तुले खोटं नाही बोलू शकत अन् खरं बी नाही बोलू शकत. चलतो मी. म्यानेजरले सांगून ठेवा लागन. तीनच्या भोंग्याच्या पह्यले ये. अन् जास्त बोलू नको. तुही जीभ जरा... मजाक करतं तू. आज नको करू.

देवराव : नाही करत.

भैय्याजी : येतो, वहिनी. राम राम.

बायजाबाई : जय भीम, भैय्याजी.

(भैय्याजी जातात. बाहेर सायकलची घोडी काढल्याचा आवाज.)

देवराव : चांगला मानूस आहे. पन आज नजर चोरत होता. पाहिलं ना? मी म्हनलं मिल घाबरली, त चहा सांडला त्याच्या हातून.

बायजाबाई : हाव.

देवराव : मिल घाबरलीच आहे वं. मी जात नाही गेटावर. निकाल लागू दे. निकाल लागला का रवि कोनाच्या मेहरबानीनं नाही जानार, हक्कानं जाईन. इतके वर्ष थांबलो, आता दोन-चार महिन्यासाठी...

बायजाबाई : मिल नाही घाबरली.

देवराव : तुले काय समजते कोर्टातलं?

बायजाबाई : मिलनं नाही पाठवलं भैय्याजीले. रवि गेला होता त्याईच्या घरी.

देवराव : कोन?

बायजाबाई : रवि. आपला रवि. कोराडीच्या पावर हाऊसमंधी तिसऱ्या वेळेस त्याले काम नाही म्हनलं, त्या दिवशी. तिथून घरी नाही आला, सरळ भैय्याजीच्या घरी गेला. भैय्याजीनं त्याले म्यानेजरकडं नेलं. म्यानेजर म्हने, तुह्या बापानं केस वापस घेतली काय अन् नाही घेतली काय, आमाले काय फरक पडते. चालू राहू दे अजून वीस साल. तवा...

देवराव : तवा काय?

बायजाबाई : तवा रवि म्हनला का, बाबा गेटावर उभे राहून सोता कबूल करतीन. मंग कुठं म्यानेजर पास देतो म्हनला.

देवराव : शब्द?

बायजाबाई : शब्द बी त्यानंच सांगतला. म्यानेजरले त माहीतच नव्हता. नवा मानूस. भैय्याजीनं तुमाले नाही सांगतलं. तुमचा मान राखला त्याईनं. मी बी नव्हतो सांगनार. पन तुमी निकालाची वाट पाहून राहिले. कशाची वाट पाहता जी? कोनी भीत नाही आपल्याले.

देवराव : तुले काय बोलला तो?

बायजाबाई : राहू द्या.

देवराव : बोल वं. आता काय राहिलं?

बायजाबाई : म्हने, आई, मी शाळेपासून रोज आयकतो. पहिलीत होतो तवापासून. मास्तरच्या डब्यातली भाकर गायब झाली त पह्यले माहं दप्तर पाहे. आता वाडीच्या गोदामात बोरे-पोते उचलतो त तिथला मुकादम जाताना माह्या कमरेले हात लावून पाहते अन् हसते. बाबानं एक वेळ म्हनलं त काय बिघडते. रडत होता. एवढा मोठा पोट्टा.

देवराव : मले वाटे, त्याले तितकं माहीत नसन. घरी आला का हसत राहे.

बायजाबाई : तुमच्यावरच गेला.

देवराव : कंदिलाचं बी त्याले खरं वाटत असन मंग. का बापानं कंदिलाच्या काचेसाठी घर बुडवलं.

बायजाबाई : मी सांगतो त्याले आज.

देवराव : नको. मायचं हे पोराले सांगतात का?

बायजाबाई : घ्या. पुन्हा तेच.

देवराव : ...काय करू मंग? माह्याच्यानं नाही होत. तोंडच नाही उघडत या गोष्टीसाठी.

बायजाबाई : मले बी एक सांगाचं आहे. तुमी गेटावर जाच्या पह्यले.

देवराव : अजून आहे काही?

बायजाबाई : पोरीचं.

देवराव : सुजाताचं?

बायजाबाई : सुजाता नाव बाबाजीनं ठेवलं. चांगलं नाव. पन माही माय म्हने, तुही पह्यली पोरगी बी गेली, हिचं नाव चिंधी ठेव. उकिरड्यावर टाकलेली चिंधी कोनी उचलून नेत नाही, मरन बी नेत नाही. आमच्याकडं समद्या बायका ठेवतात. मी हळूच विचारलं बाबाजीले. म्हने, असले नावं आता नाही ठेवाचे. आमाले होते तितके पुरे झाले. बराबरच होतं त्याईचं.

देवराव : हाव. मले आठवते.

बायजाबाई : तुमाले नाही आठवत. तुमाले माहीतच नाही. समद्याईसमोर मी सुजाता म्हने. दूध पाजताना चिंधी म्हने. कानात. तिले समजे जी. चिंधी म्हनलं का डोळे उघडे.

देवराव : मले नाही सांगतलं तू.

बायजाबाई : कसं सांगू? सांगाच्या पह्यलेच तुमी गेटावरून तो शब्द घेऊन घरी आले. दारात बाबाजी बसलेले. समदे तोच शब्द बोलून राहिले होते. मी पोरीले खाली ठेवलं अन् तिले म्हननं बंद केलं. मले वाटलं, तुमाले आयकू जाईन, तुमाले लागन. दोन दिस फक्त सुजाता म्हनलं. तिसऱ्या दिवशी गेली.

देवराव : त्यानं काही होत नसते वं. अंगात ताकद नव्हती तिच्या. भंतेजीनं बी सांगतलं होतं...

बायजाबाई : माहीत आहे मले. मी बी दीक्षा घेतलेली आहो. नावानं कोनी जगत नसते, समजते मले. पन दोन दिस मी तिले तिच्या नावानं हाक नाही मारली, हे बी खरं आहे ना?

देवराव : हाव.

बायजाबाई : एवढंच सांगाचं होतं.

देवराव : ...पांढरा सदरा काढ माहा.

बायजाबाई : जाता?

देवराव : जातो.

बायजाबाई : मनात नसन त नका जाऊ. मी पाहतो रविकडं. अजून काही भेटन त्याले.

देवराव : काय भेटन? कोराडी पाहिली, कळमेश्वरचे कारखाने पाहिले. काही भेटत नाही, बायजा. हे बी भेटून काही होनार नाही. सहा महिने मिल चालन, मंग त्याच गेटाले कुलूप. मले माहीत आहे, भैय्याजीले माहीत आहे. रविले बी माहीत असन, त्यानंच त सांचे उतरवले. तरी त्याले जाचं आहे आत. जाऊ दे. सहा महिने पासवर त्याचं नाव राहीन. कोनी कमरेले हात लावला त त्याले सांगता येईन, मी कामगार आहो.

बायजाबाई : अन् तुमी?

देवराव : माहं काय? बाबाजी असते त त्याईच्यासमोर नसतं म्हनता आलं. आता कोन आहे आयकाले? थांब, एक वेळ म्हनून पाहतो. घरी जीभ वळली त तिथं वळन. "मी..."

बायजाबाई : म्हना.

देवराव : "मी चिं..." पानी दे थोडं.

बायजाबाई : घ्या.

देवराव : "मी चिंधीचोर आहो. मले माफ करा." झालं. आयकू आलं बराबर?

बायजाबाई : आलं.

देवराव : आवाज लहान त नाही पडला? गेटावर भोंगा वाजत राहीन.

बायजाबाई : नाही. आयकू जाईन समद्याईले.

देवराव : रवि असन का तिथं?

बायजाबाई : असन. मागं उभा राहीन. समोर नाही येनार.

देवराव : बरं. चपला कुठं आहेत माह्या? ह्या पाहा, कशा धुळीनं भरल्या. म्यानेजर नवा मानूस आहे. म्हनन, असाच आला. एखादी चिंधी दे बरं, पुसतो.

बायजाबाई : नाही.

देवराव : नाही म्हंजे?

बायजाबाई : घरात नाही. बाबाजीनं तुमच्याशी बोलनं सोडलं त्या दिवसापासून मी घरात चिंधी ठेवलीच नाही. काही फाटलं का चुलीत घालतो.

देवराव : मंग इतके वर्ष समदं पुसतं कशानं?

बायजाबाई : पदरानं. आना इकडं चपला.

देवराव : राहू दे वं. गेटापर्यंत धूळ पुन्हा बसतेच.